गावचा कॅमेरा पुण्यातून का दिसत नाही?

या वेळी घरचे कॅमेरे बाहेरून बघण्याबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय पण तीच अडचण सगळ्यात जास्त लोकांना येते म्हणून जरा सविस्तर लिहिलंय.

प्रश्न: आमचं गावचं घर गुहागर तालुक्यात आहे, आम्ही पुण्यात. गणपती आणि मे महिना सोडला तर घर बंदच असतं. मागच्या गणपतीत मी तिथे चार कॅमेरे लावले, खळ्यात, पडवीत, मागीलदारी आणि एक गेटवर. ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर होता त्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून डॉकरमधे (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) फ्रिगेट हे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. गावी असताना वायफायवर मोबाइलमधे १९२.१६८.१.५० आणि पुढे ५००० (पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या दाराचा नंबर) टाकलं की सगळं मस्त दिसायचं, पुण्यात आलो आणि काहीच नाही. व्हिडिओ बघून राउटरमधे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला आतल्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा नियम) करून आलो होतो, डीडीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायम चिकटणारं फुकट नावही घेतलंय. फायबरवाला म्हणतो स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील. घेऊ का? माझं नक्की काय चुकलं?

उत्तर: तुमच्या सेटिंगमधे बहुतेक काहीच चुकलेलं नाहीये, आणि नेमकं म्हणूनच तुम्हाला चूक सापडत नाहीये.

१९२.१६८.१.५० हा घरातल्या घरातला नंबर आहे. वाडीत कोणालाही "दादाचं घर कुठे" विचारलं की पोरगंसुद्धा नेऊन सोडतं, पण स्वारगेटला उतरून दादाचं घर विचारलं तर कोण सांगणार? पुण्यातल्या तुमच्या घरीसुद्धा १९२.१६८.१ वालेच नंबर असतील, देशातल्या लाखो घरांत तेच आहेत. बाहेरच्या जगासाठी राउटरला वेगळा, पब्लिक पत्ता लागतो आणि गोची तिथेच आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे अशा चार आकड्यांचे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी, त्यांचा मुख्य साठा २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपला. मग कंपन्या काय करतात, एकाच पब्लिक पत्त्यामागे बरीच घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे काढून ठेवलेत.

तुमच्याकडे तसंच आहे का ते बघणं सोपं आहे. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटसमधे जो आयपी दिसतो तो लिहून घ्या, मग त्याच वायफायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. दोन्ही नंबर वेगळे आले, किंवा राउटरवरचा नंबर १००.६४ ते १००.१२७ मधला नाहीतर १० ने सुरू होणारा असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे जुन्या वाड्यात तुम्ही आपल्या खोलीचं दार सताड उघडून ठेवलंत पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंदच आहे आणि त्याची किल्ली फायबरवाल्याकडे. डीडीएनएसच्या नावाने पाहुणा त्या दरवाज्यापर्यंत येतो आणि परत जातो, बस.

स्टॅटिक आयपी घेतला तर चालेल का? चालेल. पण तुमच्या कामासाठी घेऊ नका असं मी अगदी जोर देऊन सांगतो, आणि कारण पैशाचं नाहीये. तुम्ही ५००० पोर्ट वापरताय. फ्रिगेटचं ५००० हे पोर्ट आतल्या आत वापरायचं आहे, त्याला लॉगिनच नाही! ज्याला पत्ता सापडला त्याला तुमचं खळं, पडवी, मागीलदार, घरात किती दिवस कोणी फिरकलं नाही, सगळं दिसणार, वर रेकॉर्डिंगही उघडता येणार. आणि पत्ता सापडायला कोणी तुमच्या मागावर असावं लागत नाही, इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, शोदान नावाचं सर्च इंजिन तर २००९ पासून अशी उघडी यंत्रं यादी करून दाखवतंय. २०१६ सालचा मिराई नावाच्या व्हायरसचा प्रकार असाच झाला. साठेक ठरलेल्या यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर असा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइटी अनेक ठिकाणी उघडेनात. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना बहुतेकांना कळलंसुद्धा नसेल.

म्हणजे सध्या सीजीनॅटमुळे तुमचं काम अडलंय आणि त्याच सीजीनॅटमुळे तुमचं घर झाकलेलं राहिलंय. उद्या फायबरवाल्याने काही बदल करून तुम्हाला पब्लिक पत्ता दिला तर तुम्ही करून आलेला तो फॉरवर्डिंगचा नियम त्याच क्षणी जिवंत होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. तो नियम काढायचाच आहे.

आता करायचं काय, तर दार बाहेरून उघडायचं नाही, आतून बाहेर एक खाजगी बोगदा काढायचा. याला व्हीपीएन म्हणतात, आणि सीजीनॅट असताना घरच्या माणसाला जमेल असं सगळ्यात सोपं म्हणजे टेलस्केल. आतमधे वायरगार्ड हे बोगदा बांधायचं तंत्र चालतं, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमधेच (गाभ्यातच) आहे. घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो. गावचा सर्व्हर आणि तुमचा फोन दोघंही आपणहून बाहेर कनेक्शन करतात, मधला सर्व्हर फक्त दोघांची गाठ घालून देतो आणि शक्य असेल तर पुढचं बोलणं थेट होतं. थेट नाही जमलं तर त्यांच्या रिलेमधून जातं, जरा मंद होतं, पण तेव्हाही सगळं एन्क्रिप्टेडच असतं, रिलेवाल्याला चित्र दिसत नाही.

हे पुण्यात बसून होणार नाही, एकदा गावी जावंच लागेल. गेलात की आधी राउटरमधला नियम काढा आणि यूपीएनपी (यंत्रांना आपलं आपण पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. मग सर्व्हरवर टेलस्केल टाका, लॉगिनची लिंक येईल ती घरच्या ज्या गूगल खात्याने उघडाल त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं असू द्या, कारण यापुढे घराची किल्ली म्हणजे ते खातं. फोनवर तेच ॲप, तेच खातं. सर्व्हरला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल, आणि बघून दचकू नका, टेलस्केलसुद्धा त्याच १००.६४ वाल्या पट्ट्यातले नंबर देतं, त्याचा फायबरवाल्याशी संबंध नाही. आता फ्रिगेटच्या कंपोज फाइलमधे (डॉकरच्या सेटिंगची फाइल) ५००० फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरतं बांधा आणि बाहेरच्यासाठी ८९७१ द्या. ८९७१ ला लॉगिन आहे, ॲडमिनचा पहिला पासवर्ड फ्रिगेटच्या लॉगमधे छापून येतो तो बदला. ब्राउझर म्हणेल हे कनेक्शन सुरक्षित नाही, ते सर्टिफिकेट फ्रिगेटने स्वतःच बनवलंय म्हणून, तुमच्या बोगद्याच्या आत तेवढं चालतं. आणि उबंटूची फायरवॉल लावली म्हणून ५००० झाकलं गेलं असं समजू नका, डॉकर जे पोर्ट उघडतं ते त्या फायरवॉलला (यूएफडब्ल्यूला) बगल देऊन उघडतं. यात भलेभले फसतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन त्या सर्व्हरची की एक्स्पायरी, म्हणजे लॉगिनची मुदत बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते. म्हणजे गणपतीत लावलंत तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एक दिवस सर्व्हर अचानक गायब, परत लॉगिन करायला गावी कोणीतरी जायला हवं, आणि माणसाला वाटतं कॉम्प्युटर जळला. माझ्या काकांच्या घरी हेच झालं होतं, आम्ही रात्रीची गाडी पकडून गेलो तर सर्व्हर आपला शांतपणे रेकॉर्डिंग करत बसलेला.

कॅमेऱ्यांची किंवा राउटरची सेटिंगची पानंही पुण्यातून उघडायची असतील तर टेलस्केलमधे सबनेट राउटर (घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत बोगद्यातून पोचवणारा कॉम्प्युटर) करता येतो, पण तेव्हा दोन्ही घरी १९२.१६८.१ असून चालत नाही, फोन पुण्यातल्याच राउटरकडे जात बसतो. गावी आहात तोवरच तिथला पट्टा बदलून १९२.१६८.३७ वगैरे काहीतरी आडनिडा करून टाका, कॅमेऱ्यांचे पत्तेही त्याप्रमाणे. मी यात दोन दिवस घालवलेत म्हणून कळकळीने सांगतोय.

चित्राचं म्हणाल तर रेकॉर्डिंगला मेन स्ट्रीम (कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र) आणि बघायला सब-स्ट्रीम (त्याचं हलकं चित्र) असं ठेवा. मेन स्ट्रीम २ एमबीपीएस धरली तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो, चार मिळून ८६ च्या वर, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर तेवीस दिवसांचं मावेल. तेवढं सगळं गावच्या अपलोडवरून ओढायची गरज नाही, सब-स्ट्रीम अर्ध्या एमबीपीएसची असली तरी माणूस कोण ते कळतं. सब-स्ट्रीमचा व्हिडिओ प्रकार एच.२६४ ठेवा, एच.२६५ ठेवली तर काही फोनच्या ब्राउझरमधे नुसती काळी खिडकी दिसते आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो.

आणि लाइट. कोकणात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. कॉम्प्युटरच्या बायोसमधे पॉवर परत आली की आपोआप चालू हो असं सेटिंग असतं ते लावा, डॉकरमधे रीस्टार्ट पॉलिसी लावा, आणि कीबोर्ड-मॉनिटर काढून ठेवून मेन स्विच खरोखर बंद-चालू करून बघा, दोनदा बघा. यूपीएसवर नुसता कॉम्प्युटर ठेवून उपयोग नाही, फायबरचा डबा, राउटर आणि कॅमेऱ्यांचा पीओई स्विच (लॅन केबलमधूनच वीज देणारा डबा) हे सगळे त्यावर हवेत. वळवाच्या विजा गेटवरच्या लांब लॅन केबलमधून आत येऊन स्विच आणि सर्व्हर दोन्ही घेऊन जाऊ शकतात, म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या एका केबलला सर्ज प्रोटेक्टर लावा, जमलं तर तेवढा तुकडा फायबरचाच टाका.

शेवटचं एक करा. सर्व्हरला सांगा की रोज सकाळी सातला खळ्याच्या कॅमेऱ्याचा एक फोटो घरच्या टेलिग्राम ग्रुपवर टाक. फ्रिगेट प्रत्येक कॅमेऱ्याचा ताजा फोटो एका लिंकवर देतं, तो उचलून पाठवायची छोटी स्क्रिप्ट आणि क्रॉनमधे (ठरल्या वेळी काम करून घेणारी सोय) एक ओळ, एवढंच काम. ज्या दिवशी फोटो आला नाही त्या दिवशी शेजारी फोन करायचा. आणि गाव सोडायच्या आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सगळं चालतंय का बघा, रेंज नसेल तर नाक्यावर जाऊन बघा, पण बघितल्याशिवाय गाडीत बसू नका.

प्रश्न: मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्याकडे १६ चॅनेलचा डीव्हीआर आहे, कॅमेरे बसवणाऱ्याने कमिटीच्या सगळ्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं होतं. तेव्हापासून कमिटी तीनदा बदलली, पासवर्ड तोच. परवा सहज लॉग बघितला तर रात्री दोन-तीन वाजता कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावरून लॉगिन झालेलं दिसतंय. काय करू?

उत्तर: हे वाचत असाल तर आधी डीव्हीआरची इंटरनेटची केबल काढा. ॲनालॉग कॅमेरे असतील तर ते वेगळ्या केबलवर असतात, रेकॉर्डिंग चालूच राहतं, फक्त बाहेरून कोणाला दिसणार नाही. मग लॉगच्या स्क्रीनचे तारखेसकट फोटो काढा आणि लॉग पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. घाईघाईत रीसेट मारू नका, रीसेटमधे पुरावा जाऊ शकतो.

त्यानंतर फॅक्टरी रीसेट, कंपनीच्या साइटवरून नवीन फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), नवीन लांब पासवर्ड. फर्मवेअर येणं बंद झालं असेल तर तो डीव्हीआर परत इंटरनेटला लावूच नका. बसवणाऱ्याने राउटरमधे ८०, ५५४, ८००० किंवा ३७७७७ असलं काही फॉरवर्ड केलेलं असेल ते काढा, आणि यूपीएनपी राउटर आणि डीव्हीआर दोन्हीकडे बंद करा, नाहीतर डीव्हीआर आपलं आपण दार परत उघडून घेतो. बाहेरून बघायचं असेल तर वर सांगितलंय तसं, डीव्हीआरवर टेलस्केल चढत नाही म्हणून ऑफिसमधे एक छोटा कॉम्प्युटर सबनेट राउटर म्हणून ठेवायचा.

पण तुमच्याकडे तांत्रिक भाग अर्धाच आहे. सोळा कॅमेऱ्यांत लिफ्ट, जिना, मुलं खेळतात ती जागा, कोण कधी येतं-जातं, सगळ्यांचं आयुष्य आहे, आणि ते आज किती फोनमधे उघडतं हे तुम्हालाही माहीत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र यूजर द्या, फक्त बघण्यापुरता, कोणाला दिलाय ते रजिस्टरमधे लिहा, आणि कमिटी बदलली की चार्ज देताना जुने यूजर काढणं हे बँकेतल्या सह्या बदलण्याइतकंच ठरलेलं काम करा. डीव्हीआरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर कोणी टाकला असेल तर तो डिलीट करायला लावा, बऱ्याच ॲपमधे यंत्र जोडायची सुरुवात त्या कोडनेच होते.

मी उगाच घाबरवत नाहीये. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले बायकांच्या तपासणीचे सीसीटीव्ही व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकले जाताना सापडले, पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्या बायकांनी काय चूक केली होती? तुमच्याकडचं काही बाहेर गेल्याचा संशय असेल तर १९३० ला फोन करा किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, आणि सभासदांना सांगा, लपवू नका. फुटेज पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत सर्टिफिकेट लागतं, तेव्हा डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असू द्या. नवीन घ्यायचा विचार असेल तर एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या सरकारी चाचण्या बंधनकारक झाल्यात, दुकानदाराकडे त्या सर्टिफिकेटची मागणी करा.

प्रश्न: मी जर्मनीत नोकरी करते, आई मिरजेला एकटी असते, वय ७४. तिच्यासाठी हॉलमधे कॅमेरा लावून घेतला, टेलस्केलही चुलतभावाने करून दिलं. दोन अडचणी आहेत. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की फोनवर कॅमेरा बंद पडतो. आणि आई कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून ठेवते.

उत्तर: पहिलं सोपं आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर असं व्हीपीएन एका वेळी एकच चालतं, ऑफिसचं लागलं की टेलस्केल बाजूला होतं. एक जुना फोन किंवा टॅबलेट फक्त कॅमेऱ्यासाठी घरी ठेवा, ऑफिसच्या फोनवर हे आणूच नका.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची नाहीये ताई. तुमच्याकडे उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तुम्ही ऑफिसातून सुटून बघता तेव्हा आई पदर सोडून पंख्याखाली बसलेली असणार, तिला स्वतःच्या घरात कोणीतरी सतत बघतंय असं वाटत असेल तर तिने टॉवेल टाकला यात तिचं काहीच चुकलं नाही. तिच्याशी बोला, आणि "तुझ्या काळजीसाठीच आहे" असं म्हणून विषय संपवू नका, तिला कुठे चालेल आणि कुठे नाही ते विचारा. माझ्या मते हॉलमधला काढून एक दारावर लावा आणि दुसरा फार तर स्वयंपाकघराच्या पॅसेजमधे, जिथून ती सकाळी उठून चहा करायला गेली एवढं कळेल. तेवढं कळलं तर बाकी दिवसभर बघायची गरज नसते. पॅसेजवाल्याला हाताला येईल असा साधा स्विच बसवून घ्या, बंद करायचा हक्क तिचा, बंद असेल तर तुम्ही फोन करायचा आणि का बंद केलास असं विचारायचं नाही. पडण्याची भीती असेल तर कॅमेऱ्यापेक्षा गळ्यात किंवा मनगटावर घालायचं बटण कामाचं, बाथरूममधे तर कॅमेरा लावणारच नाही ना आपण, आणि पडायची भीती तिथेच जास्त असते.

आणि चुलतभावाला सांगून दारावरचा कॅमेरा आईच्या फोनवरही चालू करून द्या, मोठं आयकॉन ठेवून, म्हणजे बेल वाजली की कोण आलंय ते तुमच्या आधी तिला दिसेल.